कडेची दोन मुलं कुठं गेली?

बालमित्रांनो, वर्गाचा फोटो निघतो तेव्हा तुम्ही कुठं उभे राहता? मध्ये, बाईंच्या शेजारी, की अगदी कडेला? कडेला उभे राहत असाल, तर आजची गोष्ट खास तुमच्यासाठी!

मी धुळ्याच्या देवपूर भागात राहते आणि चौथीच्या मुलांना शिकवते. माझे वडील, आमचे अण्णा, फोटोग्राफर. पांझरेच्या दोन्ही काठांवर त्यांनी किती लग्नांचे, किती शाळांचे फोटो काढले असतील, गणतीच नाही. पुढं रोलचे कॅमेरे मागं पडले नि अण्णांचा स्टुडिओ बंद झाला. गेल्या दिवाळीच्या साफसफाईत त्यांची निकॉनची ५० मिलिमीटरची लेन्स सापडली. भंगारवाला दारात उभाच होता. अण्णा म्हणाले, "देऊन टाक. आता हिला कोण विचारतंय?" पण लेन्स काही त्यांच्या हातातून सुटेना!

तेवढ्यात माझा भाचा धावत आला. तो पुण्याहून सुट्टीला आला होता आणि त्याच्याकडे सोनीचा छोटा मिररलेस कॅमेरा होता. तो म्हणाला, "आजोबा, थांबा! फक्त एक रिंग मागवावी लागेल."

आता तुम्ही विचाराल, एका कंपनीची लेन्स दुसऱ्या कंपनीच्या कॅमेऱ्याला कशी बसेल? त्याचीच तर गंमत आहे. अण्णांच्या जुन्या कॅमेऱ्यात लेन्सच्या मागं एक तिरपा आरसा असायचा. समोरचं दृश्य त्या आरशावरून वर डोळ्याकडे जायचं. बटण दाबलं की आरसा टुणकन वर उडायचा आणि उजेड फिल्मवर पडायचा. या आरशाला हलायला जागा हवी, म्हणून निकॉनची लेन्स फिल्मपासून बरोबर ४६.५ मिलिमीटरवर बसवलेली असे. मिररलेस म्हणजे बिनआरशाचा कॅमेरा. आरसाच नाही, मग एवढी जागा कशाला? सोनीच्या कॅमेऱ्यात हे अंतर आहे फक्त १८ मिलिमीटर. करा पाहू वजाबाकी! २८.५ मिलिमीटर उरले ना? तेवढ्या जाडीची पोकळ रिंग मध्ये बसवली की काम झालं. तिच्यात काचेचा तुकडासुद्धा नसतो. या रिंगला अ‍ॅडॅप्टर म्हणतात.

जागा कमी असेल तर रिंग घालून भरून काढता येते. पण जास्त असेल तर? कॅननच्या जुन्या एफडी लेन्सना ४२ मिलिमीटर अंतर लागायचं. १९८७ साली कंपनीने नवे ईएफ कॅमेरे आणले, त्यांचं अंतर ४४ झालं. आता लेन्स दोन मिलिमीटर आत कशी ढकलायची? साध्या रिंगने ते जमेना, दूरचं दृश्य पुसटच दिसे. कितीतरी चांगल्या लेन्स अशाच कपाटात पडून राहिल्या. मिररलेस कॅमेरे आले आणि त्या पुन्हा बाहेर निघाल्या.

रिंग आली. मी अण्णांना शाळेतच घेऊन गेले. तीस मुलं, दहा-दहाच्या तीन रांगा. अण्णा समोरच्या भिंतीला अगदी पाठ लावून उभे राहिले. मुलांपासून अंतर ८ मीटर. खटॅक! फोटो सुंदर आला. पण माझा एक विद्यार्थी पडद्यात डोकं घालून शोधत राहिला आणि अहिराणीत म्हणाला, "मॅडम, मी कोठे शे?" मी कुठं आहे? खरंच, प्रत्येक रांगेत आठच मुलं दिसत होती. दोन्ही टोकांची गायब!

अण्णांचा चेहरा उतरला. "माझी लेन्स तर सगळं बघायची. हे कापतंय कोण?"

चला, आपणच शोधू. ८ मीटर म्हणजे ८००० मिलिमीटर. त्याला लेन्सच्या ५० ने भागा. आले १६०. म्हणजे आत पडणारं चित्र १६० पट लहान. आमची रांग होती साडेचार मीटरची, म्हणजे ४५०० मिलिमीटर. भागिले १६०, तर साधारण २८ मिलिमीटर. आता बघा, अण्णांच्या फिल्मची चौकट ३६ बाय २४ मिलिमीटरची. तिच्यात २८ सहज मावतात. पण भाच्याच्या कॅमेऱ्यातला सेन्सर, म्हणजे फिल्मच्या जागी असलेली चकती, जेमतेम साडेतेवीस मिलिमीटर रुंद! लेन्सने सगळी मुलं आत आणली होती; ती ठेवायला पाटी लहान पडली. अशा कॅमेऱ्यावर "५० ची लेन्स ७५ ची होते" असं म्हणतात, पण लेन्स मुळीच बदलत नाही. फक्त कडा कापल्या जातात.

आणि ही ३६ बाय २४ ची चौकट आली कुठून? सिनेमातून! दादासाहेब फाळक्यांचा 'राजा हरिश्चंद्र' १९१३ साली लोकांनी पाहिला, तो ३५ मिलिमीटरच्या पट्टीवर. सिनेमात त्या पट्टीवर २४ बाय १८ चं चित्र असे. त्याच सुमाराला जर्मनीत ऑस्कर बार्नाकने तीच पट्टी आडवी धरून दोन चित्रांची जागा एका फोटोला दिली. त्यातून लायका कॅमेरा १९२५ साली बाजारात आला.

एवढाच मोठा सेन्सर असलेल्या कॅमेऱ्याला 'फुल फ्रेम' म्हणतात. सोनीने तसा मिररलेस कॅमेरा २०१३ साली आणला. आमच्या गल्लीतल्या लग्नाचे फोटो काढणाऱ्या दादाकडे तो होता. लेन्स तीच, रिंग तीच, भिंतही तीच. मात्र दोन गोष्टी पाहून घ्याव्या लागल्या: लेन्स न ओळखताही फोटो काढण्याची सोय चालू हवी आणि चित्र कापण्याची सोय बंद हवी. फोकस अण्णांनी हाताने फिरवून केला, पूर्वीसारखाच.

खटॅक! तीसच्या तीस मुलं! तो मुलगा आपल्या चेहऱ्यावर बोट ठेवून ओरडला, "मी आठे शे!" मी इथं आहे!

आता तुम्ही करून पाहा. संध्याकाळी एका कागदावर एकाच मध्याभोवती ९ बाय ६ आणि ६ बाय ४ सेंटिमीटरच्या दोन चौकटी काढा. खिडकीसमोर कागद धरून मध्ये भिंग पुढं-मागं करा. खिडकीचं उलटं चित्र कागदावर उमटेल. लहान चौकटीत किती मावलं, मोठीत किती, ते बघा. मात्र भिंगातून सूर्याकडे कधीही पाहायचं नाही हं!

अण्णांची लेन्स आता भंगारात नाही, कपाटात वरच्या कप्प्यात आहे. जाता जाता एक कोडं: आमचं पटांगण ८ ऐवजी ६ मीटरचं असतं, तर फुल फ्रेममध्ये तरी सगळी मुलं मावली असती का? घ्या पाटी-पेन्सिल आणि सांगा!