जंगलात जगलेली माणसं

आज ‘डिफायन्स’ या युद्धपटाविषयी बोलू या. तो २००८ साली आला आणि खऱ्या घटनेवर आधारलेला आहे.

दुसऱ्या महायुद्धात हिटलरच्या नाझी राजवटीनं सुमारे ६० लाख ज्यू माणसं मारली. १९४१ मध्ये जर्मन फौजा आजच्या बेलारूसमध्ये शिरल्या. तिथल्या बिएल्स्की कुटुंबाची गिरणी होती. आईवडील मारले गेले. तुविया, असाएल, झुस आणि धाकटा आरोन हे भाऊ जंगलात गेले.

जंगलातल्या बऱ्याच लढाऊ टोळ्या हत्यार नसलेल्यांना घेत नसत. खाणारी तोंडं वाढतात, पोर रडलं की ठिकाण कळतं. तुवियानं मात्र म्हाताऱ्या, लेकुरवाळ्या, आजारी अशा सगळ्यांना घेतलं. शत्रू मारण्यापेक्षा आपली माणसं वाचवणं त्याला मोठं वाटलं.

हे सोपं नव्हतं. अन्न शेतकऱ्यांकडून आणावं लागे, कधी बंदुकीच्या धाकानंही. पुढे जंगलातच कपडे आणि बूट शिवणारे बसले, पाव भाजायची भट्टी पेटली, दवाखाना आणि मुलांची शाळा निघाली. ज्याला जे येईल ते त्यानं केलं.

१९४४ च्या उन्हाळ्यात सोव्हिएत फौजा आल्या, तेव्हा १२०० हून जास्त माणसं जिवंत होती.

सिनेमात चकमकी जास्त दिसतात, म्हणून लहान मुलांना सोबत बसवू नका. पाहून झाल्यावर गटात एवढंच बोला: अडचणीच्या वेळी आपण कुणाला ‘ओझं’ म्हणतो?