शेवटच्या केमोनंतरचे दिवस

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

कॅन्सरचे उपचार पूर्ण झाले की घरी पेढे येतात. सत्यनारायण घातला जातो, बोललेले नवस फेडले जातात, गावाकडची माणसं भेटून जातात. केसपेपरवर डॉक्टरांनी 'तीन महिन्यांनी दाखवणे' एवढंच लिहिलेलं असतं. सगळ्यांच्या दृष्टीनं आजारपण संपलेलं असतं. आणि नेमकी त्यानंतरच्या तीन-चार आठवड्यांत, सहा महिने सगळं मुकाट्यानं सोसलेली बाई भाजी निवडता निवडता रडायला लागते. घरच्यांना कळत नाही, हिला आता काय झालं? खरं म्हणजे तिलाही ते कळत नसतं.

मी पंचवीस वर्षं रुग्णालयात वैद्यकीय समाजसेविका म्हणून काम केलं. आमच्या विभागात लोक येत ते मुख्यतः पैशांच्या मदतीसाठी नाहीतर धर्मशाळेच्या चिठ्ठीसाठी. पण माझ्या टेबलासमोरच्या खुर्चीत सर्वांत जास्त वेळ बसून राहत ते उपचार संपलेले रुग्ण. त्यांना चिठ्ठी नको असे, सहीही नको असे. "ताई, आता तर बरं वाटायला हवं ना?" असं ते विचारत. आज याच प्रश्नाविषयी बोलायचं आहे.

उपचार चालू असतात तेव्हा माणसाचा दिवस आखलेला असतो. दर तीन आठवड्यांनी केमो, मग रक्ततपासणी. किरणोपचार असतील (आपल्याकडे लोक त्याला 'शेक' किंवा 'लाइट' म्हणतात) तर सोमवार ते शुक्रवार रोज हजेरी. बाकावर शेजारी तीच माणसं भेटतात, डबा वाटून खाल्ला जातो, परिचारिका नावानं हाक मारते. आपण आजाराविरुद्ध काहीतरी करतो आहोत, ही भावना असते. शेवटच्या दिवशी हे सगळं एकदम थांबतं. औषधाचा त्रास शरीरात असतोच, पण विचारणारं माणूस मात्र नसतं. जी भीती इतके दिवस धावपळीत मागे पडलेली असते, तिला आता मोकळा वेळ मिळतो.

फिट्झह्यू मुलन नावाचे एक अमेरिकन डॉक्टर होते. ऐन तिशीत त्यांना स्वतःलाच कॅन्सर झाला. १९८५ साली त्यांनी एका वैद्यकीय नियतकालिकात या अनुभवावर लेख लिहिला आणि आजारानंतरच्या आयुष्याचे तीन ऋतू सांगितले. पहिला निदानाचा आणि उपचारांचा. दुसरा उपचार संपल्यानंतरचा, ज्यात आजार उलटेल की काय ही धास्ती असते आणि शरीरही साथ देत नसतं. तिसरा, बऱ्याच काळानंतरच्या स्थैर्याचा. मुलन यांचं म्हणणं असं, की वैद्यकशास्त्राचं सगळं लक्ष पहिल्या ऋतूवर आहे. दुसऱ्यात रुग्ण जवळजवळ एकटा असतो. पुढे २००५ साली अमेरिकेतल्या 'इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिन'च्या अहवालानंही हेच सांगितलं आणि एक साधी सूचना केली: उपचार संपताना प्रत्येक रुग्णाच्या हाती पुढच्या काळजीचा लेखी आराखडा द्यावा. आपल्याकडे बहुतेकांच्या हातात जाडजूड फाइल असते. असा एका पानाचा आराखडा क्वचितच असतो.

आता शरीराकडे वळू. आपल्या राज्यात तंबाखू, मशेरी आणि बंदी असूनही मिळणारा गुटखा यांमुळे तोंडाच्या कॅन्सरचे रुग्ण खूप, म्हणून तेच उदाहरण घेते. शस्त्रक्रिया आणि किरणोपचार यांच्यानंतर जबड्याचे स्नायू आणि गालाच्या आतला भाग हळूहळू कडक होत जातो. किरणोपचार संपल्यावरही ही क्रिया थांबत नाही. उलट नंतरच्या पहिल्या काही महिन्यांत तोंड उघडणं झपाट्यानं कमी होऊ शकतं. म्हणजे ज्या काळात रुग्णालयाच्या खेपा विरळ होतात, नेमका तोच काळ. साधारणपणे माणसाच्या तोंडात आपली स्वतःची तीन बोटं उभी मावतात. ती दोनवर आली की भाकरीचा घास जड जातो. एकवर आली की पेज आणि दूध, बस्स. दातांची तपासणीही धड करता येत नाही.

यावरचा उपाय अगदी स्वस्त आहे. आइस्क्रीमच्या चपट्या लाकडी काड्या एकावर एक ठेवून त्यांची चळत दातांमध्ये धरायची, काही क्षण ताण द्यायचा, सोडायचं आणि सवय होईल तशी एकेक काडी वाढवायची. कधी सुरू करायचं आणि किती करायचं, हे डॉक्टर किंवा फिजिओथेरपिस्ट सांगतील. पण हे दिवसातून अनेकदा आणि महिनोन्महिने करावं लागतं. दुखतं, कंटाळा येतो, आणि काल वीस काड्या होत्या, आज एकोणीसच का, हे विचारणारं घरात कोणी नसेल तर व्यायाम सुटतो. एकदा आक्रसलेलं तोंड पुन्हा उघडणं फार अवघड. आमच्याकडे एक एसटीचे चालक येत. व्यायामाचा कागद त्यांच्या फाइलमध्ये व्यवस्थित लावलेला होता, करत मात्र ते काहीच नव्हते. बाह्यरुग्ण विभागाच्या बाकावर त्यांच्याआधी दोन वर्षं तेच ऑपरेशन झालेले एक गृहस्थ भेटले. त्यांनी खिशातून रबर लावलेला काड्यांचा जुडगा काढला आणि तिथंच करून दाखवलं. मग दोघांनी फोन नंबर घेतले. रोज रात्री नऊला आकडा कळवायचा, असं ठरलं. पुढच्या खेपेला चालकसाहेबांनी मला तोंड उघडून दाखवलं तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावरचा आनंद बघण्यासारखा होता. कागदावर जे लिहिलं होतं तेच त्या गृहस्थांनी सांगितलं. फरक एवढाच, की ते सांगणारा स्वतः त्यातून गेलेला होता.

याच रुग्णांना आणखी दोन गोष्टी सांगायला हव्यात. जबड्याला किरणोपचार झाले असतील तर दात काढण्यापूर्वी दंतवैद्याला त्याची कल्पना द्यावी, दहा वर्षं उलटून गेली असली तरीही. तिथल्या हाडाचा रक्तपुरवठा कमी झालेला असतो आणि जखम भरून न येता हाड कुजू शकतं. दुसरी गोष्ट थायरॉइडची. मानेला शेक दिल्यानंतर काही महिन्यांनी किंवा वर्षांनी थायरॉइड ग्रंथीचं काम मंदावू शकतं. मग माणूस सुस्त होतो, थंडी वाजते, कशात मन लागत नाही. घरचे म्हणतात, यानं धीरच सोडला. त्याला गुरुजींकडे नेतात, बाबांकडे नेतात. रक्ताची टीएसएच तपासणी केली आणि रोजची एक गोळी सुरू झाली की अनेकदा हा 'धीर' परत येतो. म्हणून सहा महिने ते वर्षभरानं ही तपासणी करायची का, हे डॉक्टरांना आपणहून विचारावं.

स्तनाच्या कॅन्सरमध्ये काखेतल्या गाठी काढलेल्या असतील तर त्या बाजूच्या हाताला सूज येऊ शकते. आपल्याकडच्या बायकांना ती फार लवकर कळते, कारण बांगड्या घट्ट होतात. तेव्हा वाट न बघता दाखवावं. त्या हाताला भाजणं, कापणं, ओरखडे यांपासून जपावं, हे खरंच. पण 'त्या हातानं आयुष्यभर काही उचलायचंच नाही' हा जुना सल्ला आता टिकलेला नाही. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या एका अभ्यासात हाताला सूज असलेल्या स्त्रियांनी वर्षभर देखरेखीखाली हळूहळू वजनं उचलली. त्यांची सूज वाढली नाही, उलट ती बळावण्याचे प्रसंग कमी झाले. अर्थात 'देखरेखीखाली' आणि 'हळूहळू' हे दोन शब्द महत्त्वाचे. दुसऱ्याच दिवशी पाण्यानं भरलेली बादली उचलायची नाही.

आणि थकवा. हा थकवा झोपेनं जात नाही, हेच लोकांना पटत नाही. 'जरा पडून राहा' हा सल्ला घरोघरी प्रेमानं दिला जातो आणि त्यानं थकवा वाढतो. रक्त कमी आहे का, थायरॉइड, झोप, हे बघून घेतल्यावर रोज थोडं थोडं चालणं हाच त्यावरचा सर्वांत चांगला उपाय आहे. २०२५ साली मोठ्या आतड्याच्या कॅन्सरवरच्या एका अभ्यासाचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. शस्त्रक्रिया आणि केमो पूर्ण केलेले ८८९ रुग्ण त्यात होते, बहुतेक कॅनडा आणि ऑस्ट्रेलियातले. एका गटाला आरोग्याविषयीची पुस्तिका दिली. दुसऱ्या गटाला पुस्तिकेबरोबर एक प्रशिक्षित माणूस दिला, जो तीन वर्षं ठरावीक दिवसांनी भेटून व्यायामाचा पाठपुरावा करत होता. व्यायाम म्हणजे काय, तर आठवड्यातून तीन-चार वेळा पाऊण-एक तास झपझप चालण्याइतका. पाच वर्षांनी पहिल्या गटातले सुमारे ७४ टक्के आणि दुसऱ्या गटातले सुमारे ८० टक्के लोक जिवंत आणि आजार न उलटलेले होते. हा आकडा त्याच आजारापुरता आहे, सगळ्या कॅन्सरना तो लावू नये. मला त्यातली दुसरीच गोष्ट लक्षात राहिली. पुस्तिका दोन्ही गटांना मिळाली होती. जास्तीचा मिळाला तो माणूस.

मनाचंही तसंच आहे. साधा खोकला झाला तरी 'फुफ्फुसात गेला का?' ही शंका येते. तपासणीच्या आदल्या आठवड्यात झोप उडते. अहवाल चांगला आला की दोन महिने बरे जातात, पुन्हा तारीख जवळ येते. हे जवळजवळ सगळ्यांना होतं आणि तो दुबळेपणा नाही. यावर 'सकारात्मक विचार कर' असं म्हणणाऱ्यांचा मला, खरं सांगते, राग येतो. ज्याला भीती वाटते आहे त्याला त्यामुळे भीतीबरोबर अपराधीपणाही चिकटतो. त्यापेक्षा डॉक्टरांकडून नीट लिहून घ्यावं, की कोणती लक्षणं दिसली तर तारखेची वाट न बघता यायचं. भीतीला असं कुंपण घातलं की ती पुष्कळ आवरते. मात्र दोन आठवड्यांहून अधिक काळ झोप नाही, जेवण नाही, जगणं नको वाटतं आहे, अशी स्थिती असेल तर ते नैराश्य आहे आणि त्यावर उपचार आहेत. केंद्र सरकारची 'टेली मानस' ही सेवा २०२२ साली सुरू झाली. १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र विनामूल्य आणि मराठीतही बोलता येतं. स्तनाच्या कॅन्सरसाठी टॅमॉक्सिफेनची गोळी चालू असेल तर मानसोपचारतज्ज्ञांना ते आवर्जून सांगावं, कारण नैराश्यावरची काही औषधं तिचा परिणाम कमी करतात.

आधी त्या वाटेनं गेलेला माणूस भेटणं, ही कल्पना नवी नाही. न्यूयॉर्कच्या टेरेसे लॅसर यांची १९५२ साली स्तनाची शस्त्रक्रिया झाली. नंतर जगायचं कसं, हे त्यांना कोणीच सांगितलं नाही. तेव्हा त्या स्वतःच इतर बायकांना भेटायला जाऊ लागल्या. त्यातून 'रीच टू रिकव्हरी' हे काम जगभर पसरलं. मुंबईत १९९४ साली वंदना गुप्ता यांनी स्वतः कॅन्सरमधून उठल्यावर 'व्ही केअर' सुरू केलं. परळच्या टाटा रुग्णालयात लहानपणी कॅन्सर होऊन गेलेल्या मुलांसाठी १९९१पासून वेगळं बाह्यरुग्ण केंद्र आहे. अशीच मोठी झालेली मुलं इंडियन कॅन्सर सोसायटीच्या आधारानं २००९पासून 'उगम' नावाचा गट चालवतात. शिक्षण, नोकरी, लग्न ठरताना आजाराचं सांगायचं की नाही, असे प्रश्न डॉक्टरांपेक्षा त्यांनाच जास्त कळतात. पोटावर पिशवी आलेल्यांसाठी मुंबईत ऑस्टॉमी असोसिएशन आहे. स्वरयंत्र काढलेल्यांनी आपल्या रुग्णालयातल्या वाचा-उपचार विभागात चौकशी करावी. तिथं पुन्हा बोलायला शिकलेली माणसं भेटतात.

अशा गटांत एक धोकाही असतो, तो सांगायला हवा. एखादा म्हणतो, मी गोमूत्रानं बरा झालो, दुसरा गोळ्या बंद करायला सांगतो. सोबत गटाकडून घ्यावी, औषध डॉक्टरांकडून.

घरच्यांनी काय करावं? कॅन्सर लागत नाही. तरीही आजही काही घरांत ताट-वाटी वेगळी ठेवली जाते आणि नवरा-बायकोत वर्षानुवर्षं अंतर पडतं. दोघांनाही वाटत असतं की दुसऱ्याला नको आहे. हा विषय डॉक्टरांपुढे काढायला लाज वाटत असेल तर समाजसेवा विभागात काढा, आम्ही दरवाजा लावून बसतो. घरच्यांनी 'झालं ना आता बरं?' असं विचारू नये, कारण त्याला 'हो' एवढंच उत्तर देता येतं. 'आज किती चाललीस?' असं विचारावं, आणि जमल्यास बरोबर चालायला जावं.

तालुक्याच्या गावी राहणाऱ्यांना मुंबई-पुण्याच्या संस्थांचा रोजचा उपयोग नसतो, हे मला ठाऊक आहे. त्यांनी शेवटच्या उपचाराच्या दिवशी रुग्णालयातून एक कागद मागून घ्यावा. कोणता आजार, कोणती औषधं, शेक कुठल्या भागाला आणि किती, पुढं कोणत्या तपासण्या आणि कधी, एवढं त्यावर असावं. त्याची एक प्रत गावातल्या डॉक्टरांना द्यावी. तपासणीच्या खेपेलाही रेल्वेची सवलत मिळते. कर्करुग्णाला स्लीपर आणि थ्री टायर एसीत पूर्ण भाडं माफ असतं आणि सोबतच्या माणसालाही मोठी सूट असते. त्यासाठी ठरावीक नमुन्यातला रुग्णालयाचा दाखला लागतो, तो परत निघण्यापूर्वीच घ्यावा. आणि निघताना समाजसेवा विभागात विचारावं, 'आमच्या भागातलं, याच आजारातून उठलेलं कोणी आहे का?' त्या व्यक्तीची संमती विचारून मगच नंबर दिला जातो, त्याला चार दिवस लागतात. पण बहुतेक वेळा पलीकडून होकारच येतो.