पंचांग आधी, नकाशा मागून

सहलीचा बेत ठरविताना बहुतेक घरांत प्रथम नकाशा उघडला जातो. त्यावर बोट फिरू लागते, आणि बोटाला थकवा म्हणून येत नसल्यामुळे पाच दिवसांच्या रजेत आठ ठिकाणे अगदी सहज बसतात. प्रत्यक्ष निघाल्यावर मात्र निराळा अनुभव येतो. सकाळी सामान बांधावयाचे, दुपार मोटारीत काढावयाची, आणि मुक्कामी पोहोचावे तो जे पाहावयाचे ते बंद झालेले असते. दोष अंतराचा नसतो. दोन गावांमधील अंतर कोणालाही मोजता येते. प्रत्येक ठिकाणाचा ऋतू, वार आणि कधी कधी तिथीसुद्धा मोजावयाची राहून जाते.

ज्या सहलीत एक नगर, एक रान आणि एक मद्याचा मुलूख असे तीन भिन्न प्रकृतींचे मुक्काम असतात, तीत ही चूक अधिक महाग पडते. अशा मिश्र सहलीची रीत युरोपात रुळलेली आहे. शहर पाहावे, डोंगरात राहावे, आणि शेवटचे दोन दिवस द्राक्षमळ्यांत काढावेत. मराठी माणसाला मद्याचा मुलूख म्हटले की आज नाशिकच आठवते, आणि ते योग्यही आहे. परंतु नाशिक जिल्ह्यातील दिंडोरी जशी द्राक्षांची, तशीच मध्य प्रदेशात एक डिंडोरी आहे, ती मोहाची. मंडला आणि डिंडोरी या दोन जिल्ह्यांच्या रानांत द्राक्षाचे काम मोहाचे फूल करते. या मुलखाला जावयाचे तर मुक्कामाला सोयीचे गाव जबलपूर, आणि जबलपुरातही सदर.

सदर हा शब्द मराठी श्रोत्यांस नवा नाही. नागपुरात सदर आहे, साताऱ्यात सदर बाजार आहे. सरकारी पत्रव्यवहारात तर पानोपानी ‘सदर’ असतो, तो भाग निराळा. छावणीच्या मुख्य बाजारास सदर बाजार म्हणत. जबलपूरचे सदरही तसेच छावणीच्या आश्रयाने वाढलेले आहे. जुन्या शहराच्या मानाने रस्ते रुंद, रेल्वेस्थानक जवळ, आणि प्रवाशाला लागणारी किरकोळ वस्तू चार पावलांवर. इंडियन कॉफी हाऊसमध्ये बसून दुसऱ्या दिवसाचा बेत करावयास कोणाची आडकाठी नसते.

जबलपूरला पोहोचणे मुंबईकरांस फार जुन्या काळापासून सोपे आहे. मुंबईकडून आलेला आणि अलाहाबादेकडून आलेला असे दोन लोहमार्ग १८७० साली येथे जोडले गेले आणि मुंबई–कलकत्ता हा प्रवास अखंड झाला. जूल व्हर्नच्या ‘ऐंशी दिवसांत पृथ्वीप्रदक्षिणा’ या कादंबरीचा नायक असाच मार्ग पुरा झाल्याच्या वृत्तपत्रीय बातमीवर विसंबून पैज लावतो. वाटेत कळते की मधला तुकडा बांधलेलाच नाही, आणि त्याला हत्ती विकत घ्यावा लागतो. कागदावरची वाट आणि पायाखालची वाट यांतील फरक इतक्या गमतीने दुसऱ्या कोणी सांगितला नसेल. विदर्भातील प्रवाशांस गोंदियावरून नैनपूरमार्गे येणारी दुसरी वाट आहे. तेथील अरुंद मार्गाची छोटी गाडी आता गेली आणि रुंद मार्ग आला.

आता पंचांगाकडे वळावयाचे. या सहलीत तीन घड्याळे चालतात आणि ती एकमेकांना विचारून चालत नाहीत. पहिले घड्याळ नर्मदेचे. भेडाघाटची संगमरवरी दरी नावेतून पाहावयाची, तर पावसाळा वर्ज्य. पाणी चढले की नावा बंद होतात. शिवाय ती दरी चांदण्यात पाहण्यासारखी, म्हणजे पौर्णिमेच्या आगेमागे जावयास हवे. दुसरे घड्याळ कान्हा अरण्याचे. जुलैपासून पावसाळा संपेपर्यंत त्याचा गाभा प्रवाशांस बंद असतो. एरवीही बुधवारी दुपारी आत सोडत नाहीत. तिसरे घड्याळ मोहाचे, आणि तेच सर्वांत हट्टी. मोह फुलतो तो फाल्गुन-चैत्रात, सुमारे मार्चच्या मध्यापासून एप्रिलच्या मध्यापर्यंत किंवा थोडा पुढे. त्या चार-पाच आठवड्यांबाहेर गेलेल्या प्रवाशाला मोहाचे झाड दिसेल, मोहाचा हंगाम दिसणार नाही.

तिन्ही घड्याळे एकत्र वाजतात अशी वेळ वर्षातून एकच, चैत्री पौर्णिमा. २०२५ साली ती १२ एप्रिलला होती आणि २०२६ साली २ एप्रिलला. दोन्ही तारखा मोहाच्या हंगामात बसतात. मात्र अधिक मासाच्या फेऱ्यामुळे काही वर्षी चैत्र उशिरा येतो. २०२४ साली चैत्री पौर्णिमा २३ एप्रिलला पडली, तोवर बहर ओसरू लागलेला असतो. अशा वर्षी एक महिना मागे येऊन फाल्गुनी पौर्णिमा धरावी. परंतु होळीचा दिवस कान्ह्यात सुट्टीचा असल्याने अरण्याचा दिवस त्याच्या पुढे ढकलावा. हे एवढे गणित प्रथम करावे, आणि मगच नकाशा उघडावा.

समजा, पुण्याचे किंवा नागपूरचे एक कुटुंब आहे, बरोबर गुडघे दुखणारी आई आणि दहा-बारा वर्षांची मुले आहेत, रजा आठवडाभराची. पौर्णिमेच्या दोन दिवस आधी त्यांनी सदरला उतरावे. पहिला पूर्ण दिवस नगराचा. एप्रिलात येथील पारा चाळिशीच्या आसपास जातो, म्हणून नगरदर्शन सकाळी दहापर्यंत आणि पुन्हा पाचनंतर. सकाळी मदनमहाल पाहावा. ग्रॅनाइटच्या प्रचंड शिळेवर बांधलेली ही गोंड राजांची छोटीशी गढी. तिच्या पायथ्याशी दगडावर तोललेला दुसरा दगड आहे. तो २२ मे १९९७ च्या भूकंपातही पडला नाही. मुलांना मात्र याहून मोठी गोष्ट सांगता येईल. छावणीच्या बाजूस बडा शिमला नावाची टेकडी आहे. ठगांच्या बंदोबस्तासाठी प्रसिद्धी पावलेल्या स्लीमनला १८२८ साली या परिसरात प्रचंड अस्थी सापडल्या. डायनोसॉर हा शब्दही तेव्हा जन्मलेला नव्हता. पुढे १८७७ साली लिडेकरने त्या प्राण्याचे ‘टायटॅनोसॉरस इंडिकस’ असे नामकरण केले. संध्याकाळी जुन्या शहरात कमानिया गेटच्या बाजूस जाऊन खव्याची जिलेबी खावी. ती काळसर, जड आणि फार गोड असते. दोघांत एक पुरे.

दुसरा दिवस भेडाघाटचा. अंतर जेमतेम वीस-पंचवीस किलोमीटर असल्याने मुक्काम हलविण्याचे कारण नाही, आणि सदरला बिऱ्हाड ठेवण्याचा हाच लाभ आहे. दुपार उलटल्यावर निघावे. वाटेवर तेवर गाव लागते, तीच कलचुरींची त्रिपुरी. १९३९ चे काँग्रेस अधिवेशन याच नावाने ओळखले जाते. धुवांधार धबधबा उजेडात पाहावा. चौसष्ट योगिनींच्या मंदिराला शंभरावर पायऱ्या आहेत; आईने खाली सावलीत बसावे आणि त्याचे कोणी वाईट वाटून घेऊ नये. सूर्य मावळत असताना पूर्वेस चंद्र उगवतो, पण दरीच्या उंच भिंतींमुळे चांदणे पाण्यापर्यंत पोहोचावयास बराच वेळ लागतो. बहुतेक मंडळी तेवढ्यात कंटाळून परततात. रात्रीची नाव त्या दिवशी चालते की नाही हे सकाळीच विचारून ठेवावे. चालत नसली तरी घाटावर बसून चंद्र वर येण्याची वाट पाहावी. जेवण बरोबर न्यावे.

मग मंडला. जबलपूरहून सुमारे ९५ किलोमीटर. नर्मदेने तीन बाजूंनी वेढलेले गाव, एके काळी गोंड राजांची राजधानी. येथे मद्याच्या मुलखाविषयीच्या कल्पना थोड्या बदलून घ्याव्या लागतात. नाशिकचा द्राक्षमळा कोणाच्या तरी मालकीचा असतो, त्याला फाटक असते, वेळा लिहिलेल्या असतात, आणि चव घेण्याचे दर ठरलेले असतात. मोहाच्या रानाला फाटक नाही. म्हणून ते कोणाचेच नाही असा समज प्रवासी करून घेतात. तो साफ चुकीचा आहे. कोणते झाड कोणत्या घराने वेचावयाचे हे गावाला ठाऊक असते, आणि परक्याने त्याखालची ओंजळभर फुले उचलणे हे दुसऱ्याच्या खळ्यातील धान्य उचलण्यासारखे आहे.

धान्याची उपमा येथे अक्षरशः लागू पडते. मोहाचे फूल मांसल, पिवळसर, रसाने भरलेले असते. ते रात्री उमलून पहाटे गळते. उजाडण्यापूर्वीच बायका व मुले टोपल्या घेऊन झाडाखाली जातात. वेचलेली फुले अंगणात वाळवितात. वाळल्यावर ती तपकिरी होतात आणि मनुकांसारखी दिसतात. त्यांत निम्म्याहून अधिक भाग साखरेचा असतो. ती उकडून खातात, पिठात मिसळून भाकरी करतात, आणि हातात पैसा नसेल त्या दिवसांसाठी साठवून ठेवतात. पुढे फळातील बियांचे तेल निघते. दारू हा या झाडाच्या अनेक उपयोगांपैकी एक उपयोग आहे. वाळलेली फुले काही दिवस पाण्यात आंबवितात आणि भट्टीवर चढवून वाफेचा अर्क उतरवितात. द्राक्षाची वाइन केवळ आंबविलेला रस असते, मोहाची दारू ऊर्ध्वपातित. म्हणून तिला वाइनच्या मापाने पिणारा फसतो. जन्म, लग्न, मृत्यू आणि देवाचा मान या सर्व प्रसंगी गोंड आणि बैगा घरांत तिचे थेंब आधी जमिनीवर पडतात.

सरकारांची या फुलावर नजर फार जुनी आहे. मुंबई इलाख्यात १८९२ साली मोहाच्या फुलांवर खास कायदा झाला आणि ठाणे व कुलाबा जिल्ह्यांत ती बाळगण्यावरच बंधने आली. घरी गाळलेली दारू थांबावी आणि कर भरलेली दारू खपावी हा त्यातील हिशेब होता. भाकरीत पडणारे फूलही त्यात सापडले. मध्य प्रदेशात २०२२ च्या धोरणाने मोहाच्या दारूला ‘हेरिटेज’ मद्य म्हणून मान्यता दिली आणि ती तयार करण्याचे काम आदिवासींच्या बचत गटांकडे सोपविण्याचे ठरविले. उलट १ एप्रिल २०२५ पासून राज्यातील ज्या तीर्थक्षेत्रांत मद्यविक्री बंद झाली, त्यांत मंडला शहराचाही समावेश आहे. तेव्हा केवळ बाटलीसाठी मंडल्यास येणारा हात हलवीत परत जाईल. मान्यताप्राप्त बाटली जबलपुरात चौकशी करून पाहावी. अनोळखी हातची दारू घेऊ नये, आणि राज्याची सीमा ओलांडून कोणतीही बाटली नेऊ नये. मंडल्यास यावयाचे ते पहाटे वेचणी पाहण्यासाठी.

त्यासाठी आदल्या दिवशी गावातील एखाद्या माणसाला बरोबर येण्याविषयी विचारावे, त्याच्या वेळेचा मोबदला द्यावा, आणि त्याच्यावाचून अंधारात पाऊल टाकू नये. ही फुले अस्वलालाही अतिशय आवडतात आणि ते याच वेळी येते. झाडाखालचा पाचोळा जाळून जमीन मोकळी करण्याची रीत आहे, त्यातून वणवे लागतात; म्हणून विडी-सिगारेट पेटवू नये. बायकांची छायाचित्रे विचारल्याशिवाय काढू नयेत. वेचणी दीड-दोन तासांत आटोपते. ते त्या घराचे वर्षाच्या मिळकतीचे काम असते, आणि पाहुण्यांमुळे एक टोपली कमी भरली तर ती भरून देणारे कोणी नसते.

शेवटी कान्हा. येथील अडचण प्रवेशपत्रांची. गाड्यांची संख्या ठरलेली असते आणि उन्हाळ्यात, जनावरे पाण्याजवळ येतात म्हणून, मागणी मोठी असते. म्हणून पौर्णिमा ठरली की त्याच दिवशी प्रथम कान्ह्याची नोंदणी करावी, नंतर रेल्वेची, आणि सर्वांत शेवटी उतरण्याच्या जागेची. बहुतेक लोक हा क्रम उलटा धरतात. १९५५ साली राष्ट्रीय उद्यान झालेले हे अरण्य वाघासाठी प्रसिद्ध असले, तरी खरे अभिमानाचे जनावर बाराशिंगा आहे. १९७० साली त्यांची संख्या ६६ वर आली होती. ती वाढविण्यासाठी कुरणे हवी होती, आणि त्यांतील कित्येक कुरणे ही उठविलेल्या गावांची जागा आहे. आदल्या पहाटे ज्यांची वेचणी पाहिली, त्यांच्याच भाऊबंदांची ती गावे. वाटाड्याला विचारले तर तो गावांची नावे सांगतो.

अरण्याचे कोणते दार धरावे हे परतीच्या गाडीवर अवलंबून आहे. मुंबई-पुण्याकडे जाणाऱ्यांनी खटिया धरावे. ते मंडल्याहून सुमारे ६५ किलोमीटर आहे, आणि तेथून जबलपूरला परतून गाडी मिळते. विदर्भाकडे जाणाऱ्यांनी मुक्कीच्या दाराने पाहावे. तेथून बैहरवरून बालाघाट आणि बालाघाटहून गोंदिया गाठता येते, आलेलीच वाट पुन्हा तुडवावी लागत नाही. ही दोन दारे एकाच अरण्याची असली तरी बाहेरच्या रस्त्याने ती एकमेकांपासून दूर आहेत. दोन्ही एका दिवसात करू पाहणाऱ्याचा दिवस रस्त्यातच जातो. पचमढी, बांधवगड आणि अमरकंटक ही नावे या वेळी यादीतून खोडावीत. ती चांगली ठिकाणे आहेत, पण आईला एका आठवड्यात तीनपेक्षा अधिक वेळा अंथरूण बदलावयास लावू नये. आणि कान्ह्याचा दिवस बुधवारी येत असेल, तर सदरचा मुक्काम एका दिवसाने वाढवावा.