सोयाबीनच्या दाण्यातील दळणवळण

भाद्रपदात, दशलक्षण पर्वाच्या सुमारास, शिरपूरला जाणाऱ्या यात्रेकरूंना रस्त्याच्या दोन्ही अंगांना सोयाबीनची हिरवीगार शेते दिसतात. झाडांची वाढ थांबलेली असते, शेंगा धरलेल्या असतात आणि पाहणाऱ्यास शेत अगदी निवांत वाटते. वस्तुतः पिकाच्या आयुष्यातील सर्वांत मोठी लगबग याच दिवसांत चालू असते. ती दाण्यातील एकेका पेशीच्या आत चालते, म्हणून डोळ्यांना दिसत नाही. पुढे कारंजा, वाशीम किंवा रिसोडच्या बाजार समितीत पोत्याचे जे वजन भरते, त्याचा मोठा भाग या तीन-चार आठवड्यांतील अंतर्गत वाहतुकीने ठरलेला असतो.

सोयाबीनच्या दाण्यात सुमारे ४० टक्के प्रथिने आणि २० टक्के तेल असते. तुरीच्या डाळीत प्रथिनांचे प्रमाण साधारण २२ टक्के भरते. शाकाहारी घरातील प्रथिनांची मोठी भिस्त अशा द्विदल धान्यांवर आहे. मात्र दाण्यातील प्रथिन जिथे तयार होते, तिथे ते साठवले जात नाही. तयार होण्याची जागा निराळी, साठवणीची निराळी, आणि मध्ये पेशीतला प्रवास.

पेशी ही पाण्याने भरलेली साधी पिशवी नव्हे. तिच्या आत मेदाच्या अतिशय पातळ पटलांनी वेढलेली अनेक दालने असतात. आंतर्द्रव्यजालिका हे त्यांपैकी पहिले. तिच्या बाहेरच्या अंगाला चिकटलेले रायबोसोम प्रथिनांची साखळी विणतात. साखळीच्या आरंभी काही अमिनो आम्लांचा एक तुकडा असतो; तो जणू तिच्यावर लिहिलेला पत्ता. त्या पत्त्यामुळेच साखळीला पटलातून आत प्रवेश मिळतो आणि मग तो तुकडा कापून टाकला जातो. प्रथिनांवरील या पत्त्यांच्या शोधासाठी ग्युंटर ब्लोबेल यांना १९९९ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

आत गेलेल्या साखळीची नीट घडी पडावी लागते. सोयाबीनचे प्रमुख प्रथिन ग्लायसिनिन. त्याच्या तीन साखळ्या येथे एकत्र येऊन त्रिकूट होते. ज्याची घडी चुकली, त्याला पुढे जाऊ दिले जात नाही. तयार प्रथिन घेऊन पटलाचा एक फुगवटा येतो, तो तुटून सूक्ष्म पिशवी होते आणि पुढील दालनाच्या पटलात मिसळून जाते. हे पुढचे दालन म्हणजे कामिल्लो गॉल्गी यांनी १८९८ मध्ये वर्णिलेले गॉल्गी संकुल. तेथे मालाची प्रतवारी होते आणि साठवणीचे प्रथिन निराळ्या दाट पिशव्यांतून साठवण-रिक्तिकेकडे निघते. तिथे पोहोचल्यावरच त्रिकुटातील साखळ्यांना ठरावीक जागी छेद मिळतो, आणि दोन त्रिकुटे जुळून सहा जणांचा घट्ट संच बनतो. असे संच दाटीने रचत गेले की दाणा भरतो. तेलाचा मार्ग मात्र वेगळा: त्याचे थेंब आंतर्द्रव्यजालिकेवरूनच फुगून सुटतात, आणि ओलिओसिन नावाच्या प्रथिनाचे आवरण त्यांना एकमेकांत मिसळू देत नाही.

हीच व्यवस्था आपल्या शरीरातही आहे. वरणभातातील प्रथिने पचवणारी स्वादुपिंडाची विकरे याच वाटेने पेशीबाहेर येतात. जॉर्ज पॅलाडे यांनी स्वादुपिंडाच्या पेशींवरच हा मार्ग प्रथम उलगडला; १९७४ च्या नोबेलमध्ये त्यांचा वाटा होता. पिशवी योग्य ठिकाणी व योग्य वेळी कशी पोहोचते, हे दाखवणारे रँडी शेकमन, जेम्स रॉथमन आणि थॉमस स्युडहोफ २०१३ मध्ये नोबेलचे मानकरी ठरले. शेकमन यांनी त्यासाठी साध्या यीस्टच्या पेशी वापरल्या होत्या.

यातील एका प्रश्नाचे उत्तर आपल्या महाराष्ट्रातही शोधले जात आहे. फुगवटा आला, तरी तो पटलापासून तोडतो कोण? पुण्याच्या ‘आयसर’ संस्थेत थॉमस पुकाडियिल यांचा गट काचेवर मेदाच्या बारीक नळ्या तयार करतो, त्यांवर विशिष्ट प्रथिने सोडतो आणि नळी कापली जाताना सूक्ष्मदर्शकाखाली पाहतो. पुकाडियिल यांना २०१८ चा शांतिस्वरूप भटनागर पुरस्कार मिळाला.

आता पुन्हा वाशीमच्या शेताकडे वळू. या वाहतुकीला कच्चा माल लागतो. साखर पानांकडून येते, नत्र मुळांवरील गाठींकडून आणि पानांतील साठ्यातून. ते दाण्यापर्यंत वाहून आणण्यास पाणी हवे. जिल्ह्यातील शेती मुख्यतः पावसावर अवलंबून आहे. ऐन दाणे भरताना पावसाने मोठा खंड दिला की गाठींचे काम मंदावते, पाने लवकर पिवळी पडतात आणि भरणीचे दिवसच कमी होतात. शेंगांची संख्या तीच राहते, पण दाणा बारीक निघतो. शेतकरी म्हणतो, “दाणा भरला नाही.” पेशीच्या भाषेत याचा अर्थ असा, की साठवणीची दालने पुरती भरण्याआधीच माल येणे थांबले.

म्हणून शेततळ्यात किंवा विहिरीत एकाच पाळीपुरते पाणी असेल, तर ते केव्हा द्यावे, हा प्रश्न मोलाचा ठरतो. जून-अखेरीस पेरलेल्या, शंभर दिवसांच्या आत-बाहेर येणाऱ्या वाणात ही भरणी साधारण साठाव्या दिवसानंतर जोर धरते. त्या काळात जमीन भेगाळू लागली, तर ते पाणी राखून ठेवण्यात अर्थ नाही. रुंद वरंबा-सरीवर पेरणी केली असल्यास सरीत मुरलेला ओलावाही अशा वेळी उपयोगी पडतो. मात्र पाने गळू लागली आणि शेंगांचा रंग पालटला, की दाण्यातील ये-जा संपलेली असते. त्यानंतर दिलेल्या पाण्याने वजन वाढत नाही. उलट ओल टिकल्यास शेंगेतच दाण्याला कोंब फुटण्याचे भय असते.