मद्रासची उघडी कपाटे

ग्रंथालयशास्त्राला वाहिलेले ‘ॲनल्स ऑफ लायब्ररी सायन्स’ हे त्रैमासिक दिल्लीच्या इन्सडॉक या सरकारी संस्थेने १९५४ साली सुरू केले. पत्ता दिल्लीचा असला, तरी संपादक रंगनाथन यांची घडण मद्रासची. गणिताचे प्राध्यापक एस. आर. रंगनाथन १९२४ मध्ये मद्रास विद्यापीठाचे पहिले ग्रंथपाल झाले, पण त्या सुन्या ग्रंथालयात त्यांचा जीव रमेना. परत वर्गावर जाऊ द्या, असा धोशा त्यांनी लावला. विद्यापीठाने त्यांना लंडनला शिकायला धाडले. तिथे एका दुकानात मेकॅनोच्या त्याच पट्ट्या-खिळ्यांतून वेगवेगळी खेळणी जोडली जाताना त्यांनी पाहिली. पुस्तकांचे विषयही असेच सुट्या अंगांतून जोडता येतील, हे त्यांच्या मनाने घेतले आणि १९३३ मध्ये द्विबिंदू वर्गीकरण छापून आले. लंडनहून परतल्यावर त्यांनी मद्रासची कपाटे वाचकांना खुली केली, ग्रंथालयाच्या वेळा वाढवल्या. १९३१ च्या त्यांच्या पंचसूत्रीतले दुसरे सूत्र सांगते, प्रत्येक वाचकाला त्याचा ग्रंथ मिळाला पाहिजे.

‘ॲनल्स’चे नाव पुढे दोनदा बदलले, १९६४ आणि २००१ मध्ये. त्यात विशेष काही नाही. सरकारी संस्थांची नावे बदलतच असतात. खटकते ते वेगळेच. वाचकाचा हक्क सांगणाऱ्याने उभे केलेले हे नियतकालिक स्वतः कित्येक वर्षे वर्गणीदार ग्रंथालयांच्या कपाटांतच राहिले.

ती कोंडी फुटायला पुन्हा चेन्नईच कामी आली. माहितीशास्त्रज्ञ सुब्बय्या अरुणाचलम यांच्या पुढाकाराने मे २००४ मध्ये स्वामिनाथन प्रतिष्ठानात ओपन ॲक्सेसच्या, म्हणजे संशोधन सर्वांना मोफत वाचायला खुले करण्याच्या, कार्यशाळा झाल्या. ठराव करून पांगायचे, असा तो मामला नव्हता. आपल्या संस्थेचे शोधनिबंध सर्वांसाठी खुले ठेवणारे डिजिटल भांडार कसे उभारायचे, हे ‘ईप्रिंट्स’ या मुक्त सॉफ्टवेअरवर शिकवले गेले. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेने असे भांडार २००२ मध्येच उभारले होते. राउरकेलाच्या एनआयटीने २००६ मध्ये आपल्या अध्यापकांना निबंध जमा करणे सक्तीचेच केले.

मुंबईचाही यात वाटा आहे. केईएमचे ‘जर्नल ऑफ पोस्टग्रॅज्युएट मेडिसिन’ तोवर जालावर खुले झाले होते. फुकट वाचायला दिल्याने छापील अंकाचे वर्गणीदार घटत नाहीत, हे त्यामागचे डॉ. डी. के. साहू आकडे देऊन सांगत. त्यांची ‘मेडनो’ ही प्रकाशनसंस्था २०११ मध्ये वोल्टर्स क्लूवर या बहुराष्ट्रीय कंपनीने घेतली, हा मात्र या कथेतला कडू घास.

इन्सडॉकची वारसदार होती निस्केअर. तिनेही आपली नियतकालिके भांडारात खुली केली, आणि ‘ॲनल्स’चे १९५४ पासूनचे अंक कुणालाही वाचता येऊ लागले. रंगनाथन यांचे जुने लेख शोधायला आता कुणाची शिफारसचिठ्ठी लागत नाही.

परदेशी नियतकालिकांचे काय? नोव्हेंबर २०२४ मध्ये केंद्राने ‘एक देश, एक वर्गणी’ योजना मंजूर केली: तीन वर्षांत ६,००० कोटी रुपये, ३० प्रकाशक, जवळपास १३,००० नियतकालिके. विद्यार्थ्यांची सोय झाली, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण २००४ मध्ये चेन्नईत शिकवला गेला तो मार्ग वर्गणी भरण्याचा नव्हता, वर्गणीची गरजच संपवण्याचा होता. शिवाय ही योजना सरकारी उच्चशिक्षण संस्था आणि केंद्राच्या संशोधन संस्थांपुरती आहे. तालुक्याच्या सार्वजनिक वाचनालयात बसणारा वाचक तिच्या यादीत नाही.