मल्टी-गन नेमबाजीचे प्रारंभिक साहित्य

मल्टी-गन नेमबाजी हा रायफल, पिस्तूल आणि शॉटगन यांपैकी एकाहून अधिक शस्त्रे एकाच स्पर्धेत वापरण्याचा क्रीडाप्रकार आहे. तिन्ही शस्त्रे वापरली जात असल्यास त्यास 'थ्री-गन' असेही म्हणतात. हा प्रकार मुख्यत्वे अमेरिकेत रूढ असून १९८० च्या दशकात 'सोल्जर ऑफ फॉर्च्यून' या मासिकाच्या स्पर्धांमुळे तो प्रसिद्धीस आला. स्पर्धक जागा व शस्त्रे बदलत कागदी आणि पोलादी लक्ष्यांवर नेम साधतो. बहुतेक स्पर्धांत लागलेल्या वेळेत चुकांचे दंड-सेकंद मिळवून निकाल ठरवतात.

गटाची निवड

साहित्य घेण्यापूर्वी गट निश्चित करणे आवश्यक असते, कारण अनुज्ञेय साहित्य गटानुसार बदलते. युनायटेड स्टेट्स प्रॅक्टिकल शूटिंग असोसिएशनच्या नियमावलीतील पारंपरिक गट ओपन, टॅक्टिकल, लिमिटेड आणि हेवी मेटल हे होत. टॅक्टिकल गटात रायफलवर एक वर्धक दुर्बीण चालते. लिमिटेड गटात वर्धन करणारी दुर्बीण चालत नाही. ओपन गटात फेरबदलांना सर्वाधिक मुभा असल्याने खर्चही वाढतो. त्यामुळे नवशिक्यांना सामान्यतः टॅक्टिकल किंवा लिमिटेड गट सोयीचा ठरतो.

शस्त्रे

रायफल: एआर-१५ धर्तीची, .२२३ रेमिंग्टन काडतुसांची अर्धस्वयंचलित रायफल सर्वाधिक प्रचलित आहे. १६ ते १८ इंच लांबीची नळी बहुतेक टप्प्यांसाठी पुरेशी असते. १ ते ६ पट वर्धनाची दुर्बीण जवळच्या लक्ष्यांसाठी एकपट ठेवता येते आणि दूरच्या लक्ष्यांसाठी वाढवता येते.

पिस्तूल: ९ मिमी काडतुसांचे पूर्ण आकाराचे पिस्तूल घेण्याचा प्रघात आहे. त्याचा धक्का सौम्य असतो आणि काडतुसे तुलनेने स्वस्त मिळतात.

शॉटगन: नवशिक्याचा सर्वाधिक वेळ येथे खर्च होतो. रायफलचे मॅगझीन बदलताच ३० काडतुसे उपलब्ध होतात. शॉटगनच्या नळीवजा मॅगझीनमध्ये मात्र काडतुसे हाताने सारावी लागतात. म्हणून १२ गेजची अर्धस्वयंचलित शॉटगन निवडताना काडतुसे भरण्याचे तोंड रुंद व गुळगुळीत असल्याची खात्री करतात. छर्र्यांसोबत एकसंध गोळीची, अर्थात स्लगची, काडतुसेही वापरावी लागत असल्याने नळीच्या टोकाला अति अरुंद चोक बसवत नाहीत.

पूरक साहित्य

ताठ कमरपट्टा, चापाचे कडे पूर्ण झाकणारे होल्स्टर, मॅगझीनच्या पिशव्या आणि शॉटगनच्या काडतुसांचे धारक हे साहित्य आवश्यक असते. एका पकडीत दोन किंवा चार काडतुसे हाती येतील अशी धारकांची रचना असते. डोळ्यांचे व कानांचे संरक्षण अनिवार्य आहे. पोलादी गाभ्याच्या गोळ्यांनी लक्ष्ये खराब होतात व तुकडे उलट उडण्याचा धोका असतो. त्यामुळे त्यांना सहसा मनाई असते आणि काडतुसांची चुंबकाने तपासणी होते.

सुरक्षितता व खर्चाचा क्रम

टप्प्याच्या मध्येच शस्त्र खाली ठेवताना त्याचा सुरक्षा खटका लावलेला किंवा ते पूर्ण रिकामे असणे बंधनकारक असते. हा नियम मोडल्यास, तसेच नळीचे तोंड १८० अंशांची मर्यादा ओलांडून मागे वळल्यास, स्पर्धक बाद ठरतो. यामुळे अंधारातही हाताला सापडेल असा सुरक्षा खटका आणि झटक्याने न सुटणारे होल्स्टर यांना वेग वाढवणाऱ्या सुट्या भागांपेक्षा अधिक महत्त्व आहे.

शस्त्र अडकल्यास जाणारे सेकंद महागड्या चापाने वाचणाऱ्या क्षणांहून कितीतरी अधिक असतात. परिणामी प्रथम विश्वासार्ह शस्त्रे, नंतर पट्टा व धारक, त्यानंतर सरावाची काडतुसे आणि शेवटी फेरबदल असा खर्चाचा क्रम उपयुक्त ठरतो. पहिल्या स्पर्धेपूर्वी एखादी स्पर्धा प्रेक्षक किंवा स्वयंसेवक म्हणून जवळून पाहिल्यास अनावश्यक खरेदी टळते.