वेताळ: मुखवटा एक, पिढ्या एकवीस

ली फॉक यांचा चित्रकथानायक ‘फँटम’ १९३६ साली अमेरिकी वृत्तपत्रांत अवतरला. १९६४ मध्ये टाइम्स ऑफ इंडिया समूहाने ‘इंद्रजाल कॉमिक्स’ सुरू केले आणि मराठी मुलांना तो ‘वेताळ’ म्हणून भेटला. त्याचा मूळ देश ‘बंगाला’ इथे ‘डेंकाली’ झाला. वेताळाकडे दैवी शक्ती नाही. बाप गेला की मुलगा तोच मुखवटा चढवतो आणि जंगलातले लोक त्याला अमर समजतात. ठोसा खाल्लेल्या गुंडाच्या जबड्यावर वेताळाच्या अंगठीतली कवटी उमटे, ते चित्र पोरं पुन्हापुन्हा बघत. वाचनाची गोडी अशीच लागते. कॉमिक्सना हलकं लेखणं चूकच. १९७६ मध्ये इंद्रजालमधूनच आबिद सुरती यांचा देशी नायक ‘बहादूर’ आला. १९९० मध्ये इंद्रजाल बंद पडलं. माळ्यावर जुने अंक असतील तर रद्दीत घालू नका.